पुस्तक चालेल, फ्लॉपी नाही!

प्रोग्रामिंग छापील पुस्तकातून शिकावं की ई-पुस्तकातून, हा वाद कॉलेजच्या कट्ट्यावर आजही रंगतो. कागद आणि पडद्याच्या या भाऊबंदकीतले काही भन्नाट किस्से :

कोड तोच, कायदा वेगळा : १९९४ साली अमेरिकेत फिल कार्न यांनी सरकारला विचारलं, ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ हे गुप्तलेखनावरचं पुस्तक परदेशी पाठवू का? उत्तर आलं, खुशाल पाठवा. मग त्यांनी त्याच पुस्तकातला कोड फ्लॉपीवर भरून परवानगी मागितली. या वेळी साफ नकार! फ्लॉपी म्हणे युद्धसामग्रीत मोडते.

पानं छापा, देश ओलांडा : याच पळवाटेतून १९९७ मध्ये ‘पीजीपी ५.०’ हे गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर रीतसर अमेरिकेबाहेर गेलं. सगळा कोड सहा हजारांहून अधिक पानांवर छापला, पुस्तकं निर्यात केली आणि युरोपातल्या स्वयंसेवकांनी पानन् पान स्कॅन करून त्याचं पुन्हा सॉफ्टवेअर केलं.

प्रूफं पाहून डोकं फिरलं : ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं १९७७ मध्ये डोनाल्ड कनूथ यांच्या हाती आली. ती इतकी गचाळ होती, की त्यांनी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं. तेच ‘टेक’. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक द्यायचे. सोळावर आधारलेल्या मोजणीत २५६ सेंट म्हणजे एक ‘हेक्साडेसिमल डॉलर’! अनेकांनी हा चेक वटवण्याऐवजी फ्रेम करून भिंतीवर लावला.

झेरॉक्सची झेरॉक्स : ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये युनिक्सचा कोड उलगडून सांगणारं पुस्तक लिहिलं. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते वर्गात शिकवणं बंद झालं. मग काय, झेरॉक्स प्रती जगभर फिरल्या. उघडपणे बाजारात यायला १९९६ साल उजाडलं.

सूचीतला खट्याळपणा : कर्निगन आणि रिची यांच्या ‘सी’ भाषेवरच्या पुस्तकाची १९८८ ची आवृत्ती काढा. सूचीत ‘रिकर्शन’ (स्वतःच स्वतःला बोलावणं) या शब्दापुढे इतर पानांसोबत २६९ हा आकडा दिसेल. पान २६९ उघडा. समोर हीच सूची! आपल्याकडे मात्र ‘सी’ म्हटलं की अनेकांना ‘लेट अस सी’ आठवतं. त्याचे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचे.

कॉपी-पेस्टचा दणका : पीडीएफमधून उचललेल्या कोडमध्ये कधी सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात, कधी ओळीआधीची मोकळी जागा उडते. पायथन लगेच रुसतो. कागदही काही कमी नाही : जुन्या पुस्तकातलं कंसाविना लिहिलेलं ‘प्रिंट’ पायथन ३ मध्ये चालतच नाही, आणि छापलेलं पान अपडेट होत नाही.

तेव्हा निवाडा असा : मुळाक्षरं गिरवायला कागद घ्या, ताजी माहिती शोधायला पडदा. कोड मात्र कुठूनही घ्या, स्वतःच्या बोटांनी टाइप करा!