कुंभवलीची न वाळणारी माती

मे महिन्यातली गोष्ट. बोईसरहून मागवलेलं पॉलिमर क्लेचं पाकीट स्कूटरच्या डिकीत राहिलं आणि स्कूटर दोन दिवस उन्हात उभी होती. तिसऱ्या दिवशी पाकीट फोडलं, तर पांढरा ठोकळा खडूसारखा तुटून हातात आला. मला वाटलं, माती वाळली. म्हणून पाणी लावून मळायला बसलो. पाणी मातीत शिरायला तयार नाही. ते ओघळून पोळपाटावर आलं आणि बोटं तेवढी बुळबुळीत झाली. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, ती वाळली नाहीये. भाजली गेलीय."

तिचं खरं होतं. पॉलिमर क्लेला माती म्हणतात ते केवळ मळता येते म्हणून. आत असतं ते पीव्हीसी, म्हणजे आपल्या नळाच्या पाइपाचं आणि वायरीवरच्या आवरणाचं प्लॅस्टिक. त्याची अगदी बारीक भुकटी, मऊपणा आणणारं तेलकट प्लॅस्टिसायझर, थोडी भर घालणारी पूड आणि रंग. पाण्याचा थेंब नाही. शाडूची मूर्ती वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी उडून जातं. इथे उडून जायला काही नाहीच, त्यामुळे आमच्या कुंभवली गावाच्या पावसाळी दमट हवेतही हा गोळा महिनोन्‌महिने मऊ राहतो. तो घट्ट होतो फक्त उष्णतेने, आणि बंद डिकीतलं मे महिन्याचं ऊन तेवढी सुरुवात करून द्यायला पुरतं.

हे नेमकं काय होतं ते साबुदाण्यावरून चांगलं कळतं. भिजवलेला साबुदाणा मोकळा असतो, दाणा दाण्याला लागत नाही. कढईत उष्णता लागली की दाणा फुगतो, काचेसारखा होतो आणि शेजारच्याला चिकटतो. हात ढिला पडला की खिचडीचा गोळा. पीव्हीसीचे कण प्लॅस्टिसायझरमध्ये असेच सुटे बसलेले असतात. तापल्यावर ते हे द्रव्य पिऊन फुगतात, त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या एका कणातून दुसऱ्या कणात शिरतात आणि थंड झाल्यावर तिथेच अडकतात. कणांच्या भिंती गेल्या, अखंड प्लॅस्टिक झालं. कुंभाराच्या आव्यात याहून वेगळं घडतं. तिथे साधारण पाचशे-सहाशे अंशांना चिकणमातीच्या स्फटिकांतलं बांधलेलं पाणीच निघून जातं. आपलं काम ११० ते १३० अंश सेल्सिअसला, नानखटाईपेक्षा कमी आचेवर होतं.

प्लॅस्टिसायझर घालून पीव्हीसी मऊ करायची युक्ती अमेरिकेतल्या वॉल्डो सेमन यांना १९२६ मध्ये सापडली. रबर धातूला चिकटवणारं काहीतरी ते शोधत होते. जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझे यांच्या 'फिफी' या लाडक्या नावाच्या मुलीने अशा मळता येणाऱ्या प्लॅस्टिकवर प्रयोग केले. १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेलं आणि फिफीच्या नावाचा तुकडा घेऊन 'फिमो' बाजारात आलं. थॅलेट वर्गातल्या प्लॅस्टिसायझरवर मुलांच्या खेळण्यांपुरते कायमचे निर्बंध युरोपात २००५ मध्ये आणि अमेरिकेत २००८ मध्ये आले, आणि नामांकित कंपन्यांनी पाककृती बदलली. तरी एक नियम पाळा: या कामाचं लाटणं, सुरी, सोऱ्या पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. माझा पोळपाट त्या दिवसापासून कायमचा या कामाला लागला, आणि त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

सुरुवात तिंबण्यापासून. कणीक तिंबतो तसं दहा मिनिटं रगडलं की तळाशी बसलेलं द्रव्य सगळीकडे सारखं पसरतं. गोळा फारच लिबलिबीत असेल तर कोऱ्या कागदात दाबून रात्रभर ठेवायचा. कागदावर तेलाचा डाग येतो, तेच जास्तीचं प्लॅस्टिसायझर. पांढरा रंग आधी हाताळायचा, लाल शेवटी. नक्षीच्या चकत्या करायच्या तर रंगांची गुंडाळी करून आळूवडीसारखी कापायची. चिंचणीच्या बाजूला दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. तिथल्या एका मित्राने टाकाऊ डाय दिला होता. टाल्कम पावडर भुरभुरून गोळा त्यात दाबला, तर पोलादात कोरलेली पानाची शीरन्‌शीर उठली. केसाएवढी रेघ धरून ठेवणं शाडूला इतकं सहज जमत नाही.

मग मी तारपावाला, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा, करायला घेतला. वारली चित्रात तो दोन त्रिकोण आणि चार काड्यांत उभा राहतो, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर. कागदावर काडीचे पाय चालतात, पोळपाटावर नाही. पाय काडीएवढे केले ते धडाच्या वजनाने वाकले. मग पायात तार घातली, धडात अॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट चुरगळलेला बोळा. बोळ्यामुळे माती वाचते, हे खरं. पण मुख्य फायदा म्हणजे थर सगळीकडे सारखा पातळ राहतो. प्लॅस्टिकमधून उष्णता सावकाश जाते. जाड गोळ्याची वरची कातडी शिजते आणि पोट कच्चं राहतं.

भाजायला उरलेली फरशीची टाईल, तिच्यावर कागद. ओव्हन आधी तापवून घ्यायचा. पाकिटावर जे तापमान आणि जाडीनुसार जितकी मिनिटं लिहिलेली असतात तीच खरी. मायक्रोवेव्हच्या लहरींवर हे काम करू नये. आच सारखी लागत नाही.

माझा तारपावाला अर्धा तास भाजून निघाला, दिसायला झकास. दुसऱ्या दिवशी उचलताना तारपा तोंडापासून मोडला. तुटलेली कड भुसभुशीत, पीठ सांडल्यासारखी. बाजारातून साधा ओव्हनचा थर्मामीटर आणला. डायलवर १३० आणि आत, टाईलजवळ, १०५. नव्या माणसाची बहुतेक मोडतोड इथेच होते: करपेल या भीतीने आपण आच कमी ठेवतो आणि कण नुसते फुगून राहतात, एकजीव होतच नाहीत.

भीती अगदीच खोटी नाही. आच फार चढली तर आधी रंग तपकिरी होतो, मग पीव्हीसीचे रेणू तुटून हायड्रोजन क्लोराईड सुटतो. तो ओलाव्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. एमआयडीसीत पाळी करणाऱ्याला हे नाव नवं नाही. तिखट वास आला की ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, आणि आपण खोलीबाहेर. बाकी वेळी फॉइलचं सैल झाकण आणि थर्मामीटर एवढ्यावर भागतं.

कच्चं भाजलेलं पुन्हा भाजता येतं, ही या प्लॅस्टिकची मोठी मेहेरबानी. तारपा ताज्या मातीचा ठिपका लावून जोडला आणि काटा बघत पुन्हा अर्धा तास ठेवला. बाहेर काढला तेव्हा तो रबरासारखा लवत होता आणि माझा धीर सुटला. लेकीने माझा हात धरला, "गार होऊ दे ना." तासाभराने नखाने टिचकी मारली. टण्ण.