जोडबोटांची साक्ष

ऑस्ट्रेलियातील कांगारूच्या मागच्या पायाकडे पाहिले म्हणजे प्रथम नजरेत भरते ते त्याचे लांब, भक्कम चौथे बोट. उडीचा सारा भार मुख्यतः त्याच्यावर. बाहेरच्या अंगाला पाचवे, त्याहून लहान. अंगठा नाहीच. मग दुसरे आणि तिसरे बोट गेले कोठे? नीट पाहावे तो आतल्या बाजूस एकच बारीकसे बोट दिसते, आणि त्याच्या टोकाला नखे मात्र दोन! आपल्याकडील सुवासिनी ज्यात जोडवे घालतात ते बोट आणि त्याच्या शेजारचे मधले, अशी दोन बोटे येथे एकाच कातडीत गुंडाळलेली आहेत. आतली हाडे निरनिराळीच आहेत. या दुनखी बोटाने कांगारू अंगावरचे केस विंचरतो. आम्ही तर त्याला फणीच म्हणू.

कोआला, वाँबट, पॉसम या पोटपिशवीच्या इतर प्राण्यांपाशीही ही फणी आहे. या सर्वांच्या खालच्या जबड्यात पुढे दोन मोठे दात असतात. तेव्हा हे एका कुळातले, हे सहज पटते. घोटाळा होतो तो बँडिकूटपाशी. (नाव मूळ तेलुगू, आपल्या घुशीचे, युरोपीयांनी ते तिकडे नेऊन भलत्याच प्राण्याला चिकटविले.) त्याची जोडबोटे कांगारूसारखी, पण पुढचे दात पिशवीवाल्या मांसाहारी प्राण्यांसारखे, बारीक व पुष्कळ. साक्ष मानावी कोणाची, दातांची की पायांची? अलीकडच्या बहुतेक जनुकीय अभ्यासांनी बँडिकूटला कांगारूच्या कुळाबाहेर ठेवले आहे. तसे असेल तर ही फणी दोनदा स्वतंत्रपणे घडली असावी, किंवा सामाईक पूर्वजाकडून आलेली ती इतरांनी गमावली असावी.

दोनदा घडणे तितके अवघडही नाही. गर्भात हातपाय आरंभी वल्ह्यासारखे चपटे असतात. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. ते मरण टळले की ती जोडलेली राहतात. आपल्या खंड्याची व धनेशाची पुढची बोटे अशीच काही अंतर जुळलेली असतात. सुमात्रा व मलायातील सियामंग वानराची तर नेमकी दुसरी-तिसरीच!

माणसाच्या पायातही पुष्कळदा हीच दोन बोटे जुळलेली आढळतात. असे मूल जन्मले की आईने ग्रहणात काही चिरले असेल, असा ठपका ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. ग्रहणाचा येथे काडीचाही संबंध नाही. हा गुण बहुधा घराण्यातून उतरतो, कधी बापाकडूनही. चालण्यास त्याने अडथळा येत नाही. हाताची बोटे जुळलेली असली तर मात्र मुलाला लवकर शस्त्रवैद्याकडे न्यावे. ती बहुधा लहानपणीच सोडविता येतात.