टक्के, कल आणि कुवत

दहावीच्या निकालानंतर मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत शाखा ठरते ती एकाच आकड्यावर. टक्के चांगले असतील तर विज्ञान आणि जमल्यास लातूरची शिकवणी, मध्यम असतील तर डिप्लोमा किंवा वाणिज्य, त्याहून कमी असतील तर आयटीआय नाहीतर कला. धाराशिव जिल्ह्यातले तेर याला अपवाद नाही. ही उतरंड सोयीची आहे, कारण तिच्यात कोणालाच फार विचार करावा लागत नाही. पण ठरावीक अभ्यासक्रम विद्यार्थ्याने ठरावीक वेळात कागदावर किती उतरवला, एवढेच टक्क्यांवरून कळते. पुढची तीस-पस्तीस वर्षे कोणते काम त्याला झेपेल आणि आवडेल, याचे उत्तर गुणपत्रिकेत नसते.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो अमेरिकेतल्या बोस्टन शहरात. कामाच्या शोधात शहरात येणाऱ्या तरुणांसाठी फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तिथे व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची मांडणी साधी होती: आधी माणसाने स्वतःला ओळखावे, मग निरनिराळ्या कामांची खरी माहिती घ्यावी आणि शेवटी दोन्हींचा मेळ घालावा. आपल्याकडे पहिली पायरी थोडीफार चढली जाते, दुसरी जवळजवळ वगळली जाते आणि तिसरी नातेवाइकांवर सोपवली जाते.

स्वतःला ओळखणे म्हणजे नेमके काय, इथेच मोठी गल्लत होते. एखादे काम करावेसे वाटणे म्हणजे कल. ते शिकवले तर लवकर आणि चांगले जमण्याची शक्यता म्हणजे अभिक्षमता. माणसांत रमणे किंवा एकट्याने बसून काम करणे, घाई सोसणे किंवा न सोसणे, हा स्वभाव. आणि पैसा, स्थैर्य, मान, गावाजवळ राहणे यांपैकी कशाला किती महत्त्व द्यायचे, ही ज्याची त्याची मूल्ये. या चारही गोष्टी एका दिशेने बोट दाखवतीलच असे नाही. डॉक्टर होण्याची ओढ असलेल्या मुलीला जीवशास्त्र सहज समजत असेल, पण रात्रपाळी आणि सतत माणसांची वर्दळ तिला सोसत नसेल, तर रुग्णालयापेक्षा प्रयोगशाळा तिला अधिक मानवेल. विषय तोच राहतो, काम बदलते.

कल कसा ओळखावा, हे पाहण्याचे एक चांगले ठिकाण तेरमध्येच आहे. हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो आणि तिथले कापड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंदही आहे. गावच्या पांढरीत सापडणाऱ्या मणी, नाणी, मृण्मूर्ती अशा वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या. त्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुरातत्त्वाची पदवी नसताना हे काम उभे राहिले. उत्सुकता, चिकाटी आणि वस्तू नीट पारखण्याची नजर एवढ्या भांडवलावर ते झाले.

या संग्रहालयात केओलिन या पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पोकळ मूर्ती आहेत. शाळेची सहल अशा मूर्तीसमोर उभी राहिली की मुलांचे प्रश्न ऐकावेत. एक जण विचारतो, ही किती जुनी आणि ते कसे कळले? दुसऱ्याला साच्याचे दोन भाग कुठे जुळले, ती रेघ दिसते. तिसरी केशरचनेचे चित्र वहीत काढू लागते. चौथा मागे राहिलेल्यांना पुढे ओढून सगळे समजावतो. पाचवीच्या मनात येते की, अशा मूर्ती करून विकल्या तर? सहावी पाटीवरची नोंद आणि मांडलेल्या वस्तू जुळतात का, ते मोजून पाहते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून विकसित केलेल्या सिद्धांतात व्यवसायाच्या कलाचे जे सहा प्रकार सांगितले, ते हेच: शोधक, हाताने काम करणारा, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि शिस्तीने नोंदी ठेवणारा. बहुतेक माणसांत दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात, त्यामुळे मुलावर एकच शिक्का मारण्याचे कारण नाही.

या सहाही मुलांना पुढे वाटा आहेत. पहिल्याला कोणत्याही शाखेची पदवी घेऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.कडे वळता येते. दुसऱ्याला आयटीआय किंवा डिप्लोमातला साचेकाम आणि यंत्रकामाचा मार्ग आहे. मातीतच राहायचे असेल तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. तिसरीला मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय. चौथ्याला शिक्षकी पेशा, किंवा जिल्ह्यातच तुळजापूरला असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या परिसरातले शिक्षण. पाचवीला वाणिज्य आणि व्यवस्थापन, सहावीला ग्रंथालयशास्त्र, लेखापालन किंवा संग्रहालयातली नोंदणी. यातल्या निम्म्या वाटांची नावेही दहावीच्या वर्गात घेतली जात नाहीत. माहितीची ही कमतरता कुवतीच्या कमतरतेपेक्षा जास्त नुकसान करते.

अभिक्षमता मात्र निरीक्षणाने पुरती कळत नाही, ती मोजावी लागते. अशा चाचणीत पाठांतर विचारले जात नाही. कागदावर उलगडलेल्या खोक्याचे चित्र देऊन, ते दुमडल्यावर कसे दिसेल, हे ओळखायला सांगतात. यातून अवकाशाची जाण कळते आणि ती सुतारापासून वास्तुरचनाकारापर्यंत अनेकांना लागते. आकड्यांच्या दोन लांबलचक याद्या देऊन फरक चटकन शोधायला लावतात. बँकेत आणि औषधाच्या दुकानात हीच नजर लागते. शब्द, संख्या, यंत्रे आणि तर्क यांचे वेगळे भाग असतात. एकूण बेरजेपेक्षा या भागांतले चढउतार पाहायचे असतात. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत अशा चाचण्यांचे काम अनेक वर्षांपासून चालते.

चाचणीकडून काय अपेक्षा ठेवावी, हे समजण्यासाठी तेरचीच एक कथा उपयोगी पडते. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे हातात घेतले आणि कुंभार मडकी वाजवून पाहतो तसे एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले, नामदेव रागावले, आणि हे मडके कच्चे आहे असा निर्वाळा काकांनी दिला. (चारचौघांत निकाल जाहीर करण्याची ही रीत आजच्या समुपदेशकाने उचलू नये.) कथेचा उत्तरार्ध सहसा घाईने सांगितला जातो. कच्चे ठरलेले नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. निकालाने त्यांची जागा कायमची ठरली नाही, आणखी काय शिकायचे ते ठरले. अभिक्षमता चाचणीचा निकालही तसाच वाचायचा असतो.

महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य मंडळाने २०१६ पासून कल चाचणी घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत ती विभागलेली होती. पुढे ती मोबाइलवरूनही घेतली जाऊ लागली आणि कोरोनाच्या काळात खंडित झाली. उपक्रम चांगला होता, पण अहवाल हातात आल्यावर त्यावर बोलायला गावात कोणी नसेल तर तो फायलीतच राहतो. शिवाय पंधराव्या वर्षीचा कल पुरता स्थिरावलेला नसतो. तो विशीच्या आसपास पक्का होत जातो. म्हणून एका चाचणीवर सगळे ठरवणे हे एका टक्केवारीवर ठरवण्याइतकेच कच्चे काम आहे.

लातूरचा विचारही कल आणि स्वभाव यांच्याच कसोटीवर करायला हवा. राजर्षी शाहू महाविद्यालयात आकाराला आलेला ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे जादा तास, प्रश्नपत्रिकांचा अखंड सराव आणि काटेकोर वेळापत्रक. त्याने शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेले, हे मान्यच करावे लागेल. पण ज्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा करण्याचा कंटाळा नाही, जीवशास्त्र किंवा गणित मुळात आवडते आणि घरापासून दूर खोली घेऊन राहणे जमते, त्यालाच तो मानवतो. टक्के चांगले आहेत आणि शेजारचा मुलगा गेला, ही दोन कारणे पुरेशी नाहीत. शिकवणी, खोली आणि मेस यांवर दोन वर्षांत घरची बचत खर्च होते आणि मागे राहतो तो ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा तिसरा प्रयत्न.

विज्ञानाकडे धाव घेण्यामागे एक खरे कारणही आहे. बारावी विज्ञान करून कला किंवा वाणिज्याच्या पदवीला जाता येते, उलटी वाट मात्र बहुतेक ठिकाणी बंद असते. दार उघडे ठेवण्याचा हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र दुसरी शिडी अनेकांना ठाऊकच नसते. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला पात्रतेच्या अटी पाळून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. हातात कसब असलेल्या, पण लांबलचक उत्तरे लिहिताना अडखळणाऱ्या मुलासाठी ही शिडी फार मोलाची आहे. वाटेत कुठेही थांबला तरी त्याच्या हातात एक हुन्नर असतो.

पैशाचा विचार गुणांच्या बरोबरीने करावा, नंतर नव्हे. मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून एक मोठा फरक पडला आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास घटकांतील कुटुंबांच्या मुलींसाठी व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन भरते. ‘मुलीला जवळचे आणि स्वस्त’ हा घरोघरचा नियम यामुळे तरी तपासून पाहायला हवा.

कामाची माहिती मिळवण्याची खात्रीची रीत म्हणजे ते काम जवळून पाहणे. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीत मुलाने आठवडाभर एखाद्या लेखापालाच्या कार्यालयात, गॅरेजात, पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा रोपवाटिकेत बसावे. कामातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग कोणता, हे तिथल्या माणसाला विचारावे आणि तो आपल्याला सोसेल का, ते पाहावे. पशुवैद्य व्हायला निघालेल्याला शेणाचा वास आणि अवेळी येणारे फोन सोसता आले पाहिजेत. पुस्तकात यातले काही नसते.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्याने तेरच्या विद्यार्थ्यालाही आता दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. म्हणून कल, चाचणी, खर्च आणि पर्यायी वाट यांवर घरात होणारी चर्चा अर्ज भरण्याआधी उरकलेली बरी, आणि पहिल्या ओळीत कोणते नाव टाकायचे ते अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्यावर सोडू नये.