कोड, मलम आणि ३११ नॅनोमीटरचा दिवा

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना एक वहिनी जवळ आल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमच्या मुलीला ते... तसलं काहीतरी होतं ना? आमच्या भाच्याला पण निघालंय. काय केलंत हो तुम्ही?" 'कोड' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांना दोष कसा देणार? आमच्याही घरात तो पहिले सहा महिने कोणी उच्चारला नव्हता. पुरीभाजी वाढून घेता घेता जेवढे सांगता आले तेवढे सांगितले, उरलेले इथे लिहीत आहोत. आम्ही दोघांपैकी कोणीच डॉक्टर नाही. एक इमारतींच्या काचांची गणिते करणारा इंजिनियर, दुसरी शाळेत गणित शिकवणारी. तेव्हा वाचकांनी हे प्रिस्क्रिप्शन समजू नये. लेकीला विचारूनच लिहितो आहोत. "नाव घालू नका, बाकी काय लिहायचं ते लिहा," असे तिने सांगितले आहे.

२०१७ च्या फेब्रुवारीत तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी फिकट डाग दिसला. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. जंत असतील, कॅल्शियम कमी असेल, असे म्हणून आम्ही महिनाभर काढला. मग दोन्ही गुडघ्यांवर दुधासारखे पांढरे ठिपके आले, आणि पाठोपाठ उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांवर. रत्नागिरीहून आईचा फोन आला. "अरे, दूध आणि मासे एका जेवणात दिलेत का तिला? आणि पुढे लग्नाचं काय करणार?" दूध-माशांचा आणि कोडाचा काहीही संबंध नाही. लग्नाच्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही तो विषयच टाळला.

मेमध्ये एका नातेवाइकाच्या सामानातून आईने बावचीच्या तेलाची बाटली पाठवली. शंभर टक्के आयुर्वेदिक, अपाय कसला होणार? गुडघ्यांना आणि बोटांना तेल लावून लेकीला सकाळी अकरा वाजता शारजाच्या बाल्कनीत वीस मिनिटे बसवले. संध्याकाळी कातडी लाल झाली, दुसऱ्या दिवशी टरटरून फोड आले. पुढे आठवडाभर तिला चालताना गुडघा वाकवता येईना.

यात बावचीला खोटे पाडता येत नाही. तिच्यात सोरालेन जातीची द्रव्ये असतात, आणि ती त्वचेला उन्हाबाबत अतिशय हळवी करतात. आपल्याकडे बावची फार जुन्या काळापासून कोडावर वापरतात. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या 'आत्रिलाल' नावाच्या झुडपाच्या बिया त्याच कामासाठी वापरत. कैरोचे डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात त्या बियांतले शुद्ध द्रव्य रुग्णांना देऊन उन्हात बसवण्याचे प्रयोग केले, आणि आजची प्रकाशचिकित्सा बरीचशी त्यातूनच पुढे आली. औषध खरे होते, चुकले आमचे माप. तेलात द्रव्य किती ते ठाऊक नाही, ऊन किती ते मोजलेले नाही. इथल्या मे महिन्यात दुपारच्या सुमारास अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. म्हणजे दोन्ही बाजूंनी अंदाजपंचे! शिवाय कोडात कातडीला इजा झाली की त्या जागी नवा डाग उठू शकतो, हे आम्हाला नंतर कळले. एका गुडघ्यावर तसा उठलाही. आईला आम्ही ते अजून सांगितलेले नाही.

त्यानंतर दुबईतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी खोलीत अंधार करून वूड्स लॅम्पच्या निळसर उजेडात डाग तपासले आणि थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगितली, कारण हे दोन्ही आजार पुष्कळदा जोडीने राहतात. कोडात शरीराचीच संरक्षक यंत्रणा रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. संसर्गाचा त्यात प्रश्नच नाही. जाता जाता एक सांगतो: चिकट टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनामुळेही कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. तो प्रकार वेगळा, पण तेव्हापासून आमच्या घरात टिकल्यांची पाकिटे आली नाहीत.

उपचार दुहेरी ठरला. चेहऱ्यावर टॅक्रोलिमसचे मलम, गुडघ्यांवर आणि बोटांवर मोमेटासोन हे स्टिरॉइड ठरावीक आठवडे, आणि त्यासोबत नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश देणारा दिवा. चेहऱ्याला स्टिरॉइड नको, कारण त्याने कातडी पातळ होते आणि डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास काचबिंदूचा धोका असतो. टॅक्रोलिमसने तसे होत नाही, पण पहिला आठवडा आग आग होते. लेक आरशासमोर उभी राहून पुठ्ठ्याने वारा घ्यायची. पुढे ते आपोआप थांबले. इथल्यांसाठी खास सूचना: मलमाची ट्यूब गाडीत विसरू नका. आमची एक ट्यूब ऑगस्टमध्ये डॅशबोर्डवर राहिली आणि तिचे तेल झाले.

आमच्यातल्या इंजिनियरला या दिव्याचे भारी आकर्षण. एक भाबडा प्रश्न त्याने विचारलाच, "आखातात एवढं ऊन, मग दिवा कशाला?" खरे म्हणजे उत्तर त्याच्याच धंद्यात होते. साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते, आणि आपण तर इथे काचेतच राहतो: काचेचे घर, काचेची गाडी, काचेचे ऑफिस. आणि उघड्यावरच्या उन्हात हव्या त्या लहरींबरोबर नको त्याही येतात, त्याचे प्रमाण तासागणिक बदलते, आणि आजूबाजूची निरोगी कातडी रापून डाग आणखी उठून दिसतात. दिव्याची मात्रा मिलिज्यूलमध्ये मोजून देता येते. सुरुवात एका चौरस सेंटिमीटरला २०० ची, आणि कातडी सोसेल तशी दर खेपेला दहा-वीस टक्के वाढ.

सोसते की नाही हे ओळखायचे कसे, ते बाईंनी शिकवले आणि आम्ही वहीत लिहून ठेवले. हलका गुलाबीपणा चोवीस तासांत गेला तर मात्रा योग्य. त्यापुढे टिकला तर वाढवायची नाही. दुखले किंवा फोड आला तर बरे होईपर्यंत दिवा बंद. पण सगळ्यात उपयोगी पडला तो खाड्यांचा नियम. आठवड्याभराचा खाडा असेल तर मात्रा तीच ठेवायची, दुसरा आठवडा लागला तर पाव कमी, तिसरा लागला तर निम्मी, आणि तीन आठवडे उलटले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दरवर्षी दीड महिना देशात जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नियम चांगलाच महागात पडतो. दोन उन्हाळ्यांत आम्ही २०० वर परत आलो.

आठवड्यातून तीन संध्याकाळी शारजाहून दुबई. अल इत्तिहाद रोडवरची ती रांग ज्यांनी भोगली आहे त्यांना वर्णन नको. दिव्याखाली दोन-तीन मिनिटे आणि जाऊन-येऊन अडीच तास. लेकीने गाडीतच गृहपाठ केला, डबा खाल्ला, आमच्याशी भांडणेही केली. आमच्या विमा कंपनीने 'सौंदर्योपचार' असा शेरा मारून बिले परत पाठवली, तेव्हा एक जण चिडला आणि दुसरीने चाळीस पानांचा पत्रव्यवहार केला. उपयोग शून्य. असो.

पाच महिन्यांनी ओठांच्या कोपऱ्यावर मिरीएवढे तपकिरी ठिपके दिसले. रंग परत येतो तो बहुधा केसांच्या मुळाशी लपून राहिलेल्या पेशींतून, म्हणून तो असा ठिपक्याठिपक्यांनी येतो. वर्षाच्या आत चेहरा भरला. गुडघ्यांना दीड वर्ष लागले, आणि भाजलेल्या गुडघ्यावर एक चट्टा राहिलाच. बोटांवर काहीच नाही. पेरांवर नाही आणि टोकांवर तर नाहीच. बोटांच्या टोकांना केस नसतात, मग साठा येणार कुठून?

ही बोटांची गोष्ट आम्हाला कोणी सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, किमान सहा महिने हा प्रकाश घेतलेल्यांपैकी चेहरा-मानेवर तीनचतुर्थांश किंवा अधिक रंग परतला असे लोक शंभरात ४४ होते. हाता-पायांच्या पंजांवर एकही नाही. सगळे अंग धरले तर सहा महिन्यांत शंभरात १९ आणि बारा महिन्यांत ३६. म्हणजे चौथ्या महिन्यात "काही होत नाही" म्हणून सोडणारे फार लवकर सोडतात, आणि बोटांसाठी वर्षानुवर्षे धावणारे उगीच धावतात. आमचा समावेश दुसऱ्यांत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि क्लिनिकच्या फेऱ्या थांबल्या. बाईंच्या सल्ल्याने घरी वापरायचा हातातला छोटा दिवा घेतला. काळा गॉगल लावायचा, डागापुरताच प्रकाश द्यायचा, घड्याळ समोर ठेवायचे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये अशाच दिव्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ५१७ रुग्ण, नऊ महिने. डाग खूपच कमी दिसतो किंवा दिसतच नाही असे म्हणणारे नुसत्या स्टिरॉइड मलमाने १७ टक्के, नुसत्या दिव्याने २२, दोन्ही मिळून २७. आकडे लहान आहेत. उपचार थांबवल्यावर त्यातल्याही चाळीस टक्क्यांहून अधिक जणांचा रंग पुन्हा ओसरला. म्हणून चेहऱ्यावर टॅक्रोलिमस आठवड्यातून दोनदा चालूच ठेवावे, असे बाईंनी बजावले. फ्रान्समधल्या २०१५ च्या चाचणीत असे करणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांचे डाग परतले, साधे मलम लावणाऱ्यांचे चाळीस टक्के.

अलीकडे रुक्सोलिटिनिब नावाचे मलम आले आहे. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेने ते बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी मंजूर केले. सहा महिन्यांत सुमारे तीस टक्के लोकांचा चेहऱ्यावरचा रंग तीनचतुर्थांश परतला, साध्या मलमाने दहाच्या आसपास. लावल्या जागी मुरुमे आणि खाज येऊ शकते, आणि त्या जातीच्या औषधांवरचा गंभीर इशारा त्याच्याही वेष्टनावर आहे. बाईंनी विषय काढला तेव्हा लेक सतरा वर्षांची होती. तिने नखे बघत विचारले, "बोटांसाठी?" बाई म्हणाल्या, "बोटांची खात्री देत नाही." "मग नको. दिवाही पुरे आता." आम्ही दोघे बोलायला तोंड उघडणार तोच तिने पर्स उचलली.

त्या आधीच्या उन्हाळ्यात तिने आजीबरोबर बसून 'नितळ' हा सिनेमा पाहिला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००६ चा, कोड असलेल्या डॉक्टर मुलीवरचा. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन अशा लोकांसाठी काम करते, हेही आम्हाला तेव्हाच कळले. सिनेमा संपल्यावर आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीला फोनवर "आमच्या नातीला कोड आहे" असे सरळ सांगितले. आमच्या घरात हा शब्द इतक्या मोठ्याने प्रथमच ऐकू आला.

शेवटची धाकधूक २०२४ ची. इथे अठरा पूर्ण झाले की निवासी व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी लागते, आणि तीत क्षय आणि एचआयव्हीबरोबर कुष्ठरोगही येतो. जुन्या मराठीत कोडाला 'श्वेतकुष्ठ' म्हणत, त्या एका शब्दाने किती घरे पोळली असतील! वास्तविक दोहोंचा संबंध नाही. कुष्ठाच्या चट्ट्याची संवेदना जाते, कोडाच्या डागाला टाचणी टोचली तर नेहमीसारखीच टोचते. तरी आम्ही बाईंचे पत्र, रिपोर्ट, फोटो अशी जाडजूड फाईल घेऊन गेलो. तपासणाऱ्या बाईंनी लेकीच्या बोटांकडे पाहून "बुहाक?" एवढेच विचारले. कोडाला अरबीत तोच शब्द. लेक "हो" म्हणाली आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला. फाईल उघडलीच नाही.

दिव्याची वही आम्ही जपून ठेवली आहे. तारीख, मात्रा, चोवीस तासांनंतरचा रंग, सगळे तीत आहे. रांगेतल्या त्या वहिनींना किंवा आणखी कुणाला बघायची असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन येऊ. दिवा मात्र मागू नये, मात्रा ज्याची त्यानेच डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची असते.