बारा क्लब, दोन दिवस आणि कुणी न विचारलेलं गिऱ्हाईक

मागच्या व्हिडिओत कस्टमर लॉयल्टीवर बोलता बोलता मी युरोपियन सुपर लीगचं नाव घेतलं आणि दोन वाक्यांत विषय गुंडाळला. नंतर मलाच रुखरुख लागली, कारण हे दोन वाक्यांत बसणारं प्रकरण नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. फुटबॉल न बघणाऱ्यांनीही वाचा, ऑफसाइड वगैरे काही येणार नाही.

तारीख १८ एप्रिल २०२१, रविवारची रात्र. आपल्याकडे सोमवार उजाडायचा होता. युरोपातल्या १२ क्लबांनी जाहीर केलं, की आम्ही आमची वेगळी लीग काढतोय. इंग्लंडचे ६: मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, चेल्सी, आर्सेनल, टॉटनहॅम. स्पेनचे ३: रेआल माद्रिद, बार्सिलोना, ॲटलेटिको. इटलीचे ३: युव्हेंटस, एसी मिलान, इंटर मिलान. अध्यक्ष रेआलचे फ्लोरेन्तिनो पेरेझ. पाठीशी जेपी मॉर्गन बँक, आणि संस्थापक क्लबांना मिळून साडेतीन अब्ज युरो मिळणार असा वायदा.

स्कीम अशी होती. लीगमध्ये २० टीम. त्यातले १५ संस्थापक क्लब कायमचे. कितीही हरले तरी त्यांना बाहेर काढणार नाही. उरलेल्या ५ जागा इतरांनी दरवर्षी खेळून कमवायच्या. घरची लीग शनिवार-रविवारी चालूच राहील, हे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी.

आता बिझनेसच्या चष्म्यातून बघा. चॅम्पियन्स लीगमध्ये जायचं तर दरवर्षी आपल्या देशाच्या लीगमध्ये वरचा नंबर काढावा लागतो. इंग्लंडमध्ये तेव्हा पहिले चार. एका वर्षी पाचवे आलात की मोठा गल्ला गेला. पण खेळाडूंचे पगार थोडेच थांबतात? त्यात कोविडमुळे स्टेडियम रिकामी. बार्सिलोनाचं कर्ज एक अब्ज युरोच्या वर गेलेलं. अशा वेळी कुणी म्हणालं, की दरवर्षीची इन्कम फिक्स करून देतो, तर? खरं सांगतो, मी त्यांच्या जागी असतो आणि समोर फक्त एक्सेल शीट असती, तर मीही सही केली असती. लिव्हरपूल, युनायटेड आणि आर्सेनलचे मालक अमेरिकन, आणि तिघांच्याही अमेरिकेत टीम आहेत. तिथल्या लीगमध्ये खालच्या लीगला ढकललं जाण्याची भानगडच नाही. त्यांना हे सगळं अगदी साधं वाटलं असणार.

मग फॅन्स बोलायला लागले.

लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड स्टेडियममध्ये कॉप नावाचा स्टँड आहे. तिथे जे मोठे झेंडे फडकताना दिसतात, ते क्लबचे नाहीत. फॅन्सचा एक ग्रुप आहे, स्पायन कॉप १९०६, ते झेंडे त्यांचे. कोविडमध्ये स्टेडियम रिकामं असूनही त्यांनी ते लावून ठेवले होते. लीगची घोषणा झाल्यावर त्यांनी सांगितलं, आम्ही आमचे झेंडे काढून नेतोय. गेटबाहेर एक फलक लागला, त्यावर क्लबच्या मृत्यूचं साल घातलं होतं: १८९२ ते २०२१. आर्सेनलच्या फॅन ट्रस्टने याला खेळाची संस्था म्हणून आर्सेनलचा मृत्यू म्हटलं. चेल्सीवाल्यांनी विश्वासघात म्हटलं. विचार करा, ज्यांचा क्लब श्रीमंत होणार होता, तीच माणसं सुतक पाळत होती.

युगोव्ह या संस्थेने लगेच ब्रिटनमधल्या फुटबॉल फॅन्सना विचारलं. १०० पैकी ७९ विरोधात, १४ बाजूने. त्या सहा क्लबांच्या फॅन्समध्येही चित्र फारसं वेगळं नव्हतं.

हा राग नेमका कशाचा होता, इथे जरा थांबू, कारण बहुतेक लोक ‘पैशाचा हव्यास’ म्हणून पुढे जातात. फॅन्सना पैसा नवीन नव्हता. चेल्सी आणि सिटी उभेच राहिले मालकाच्या पैशावर, आणि त्यांचे फॅन्स मजेत होते. दुखलं वेगळंच.

सोमवारी १९ एप्रिलला लिव्हरपूलची मॅच लीड्सच्या मैदानावर होती. लीड्सचे खेळाडू वॉर्मअपला एक टी-शर्ट घालून आले. चॅम्पियन्स लीगचं चिन्ह आणि दोन शब्द: ‘अर्न इट’. म्हणजे, कमवा आणि या. सगळं भांडण या दोन शब्दांत आहे. लीगची घोषणा झाली त्या दिवशी इंग्लंडच्या टेबलमध्ये लेस्टर तिसरे होते आणि वेस्ट हॅम चौथे. टॉटनहॅम सातवे, आर्सेनल नववे. म्हणजे सातवा आणि नववा नंबर कायमचे आत, तिसऱ्या-चौथ्याने दाराबाहेर उभं राहायचं. आणि लेस्टर कोण? हंगामाच्या सुरुवातीला बुकींनी ज्यांना ५००० ला १ असा भाव दिला होता आणि ज्यांनी २०१६ मध्ये लीग जिंकून दाखवली, तेच. टॉटनहॅमने शेवटची लीग जिंकली १९६१ मध्ये. त्यांचा फॅन साठ वर्षं वाट बघतोय, आणि त्या वाट बघण्यालाच किंमत आहे. पुढच्या वर्षी कदाचित जमेल, कदाचित घसरू, या धाकधुकीचे तो पैसे देतो. मालकांनी रिस्क काढून टाकायला घेतली, आणि फॅन नेमकी तीच रिस्क विकत घेत होता.

दुसरी गोष्ट, कुणाला विचारलंच नव्हतं. फॅन्सना नाही, खेळाडूंना नाही, कोचलाही नाही. लीड्सच्या मॅचनंतर लिव्हरपूलचा जेम्स मिलनर टीव्हीवर सरळ म्हणाला, मला हे आवडलेलं नाही, हे होऊ नये. कोच युर्गन क्लॉप यांनाही आदल्याच दिवशी कळलं होतं. पगार देणाऱ्या मालकाविरुद्ध कामगार कॅमेऱ्यासमोर बोलतोय, आणि गिऱ्हाईक त्याला टाळ्या देतंय! असं दुकान किती दिवस चालेल?

तिसरी गोष्ट बातम्यांमधून बाहेर आली. आत चाललेल्या चर्चेत फॅन्सचे दोन प्रकार केले होते म्हणे: जुने वारशाचे फॅन, आणि भविष्यातले फॅन. जुने म्हणजे मैदानाजवळ राहणारे, बापाचं बोट धरून पहिल्यांदा मॅचला गेलेले. ते कुठे जाणार, राहतीलच. लक्ष द्यायचं ते भविष्यातल्यांकडे, म्हणजे जगभर टीव्हीवर आणि मोबाइलवर बघणारे, ज्यांना दर आठवड्याला मोठी नावं हवीत. पेरेझसुद्धा सोमवारी रात्री स्पॅनिश टीव्हीवर हेच सांगत होते, की तरुणांचा फुटबॉलमधला रस कमी होतोय, आम्ही खेळ वाचवतोय.

आता हे भविष्यातले फॅन म्हणजे कोण? मित्रांनो, ते आपण. रात्री साडेबारा-दीडला अलार्म लावून उठणारे. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर त्या दिवशी सरळ दोन तट पडले. एकाचं म्हणणं, दर मंगळवारी लिव्हरपूल विरुद्ध रेआल बघायला मिळणार असेल तर काय वाईट आहे? त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. हजारो मैलांवरून बघणाऱ्याला वेस्ट हॅमचं काय पडलंय? पण मी कोल्हापूरचा, आणि आम्हाला हे प्रकरण जरा जास्त कळतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची मॅच असली की पेठेतला माणूस खेळाचा दर्जा बघायला जात नाही. आपल्या तालमीची मॅच असते म्हणून जातो. उद्या कुणी सांगितलं, की चार मोठ्या तालमी कायम वर आणि बाकीच्यांनी घरी बसा, तर काय होईल ते सांगायला मी मार्केटिंग गुरू असायला नको.

कुणी म्हणेल, मग आयपीएल काय आहे? तीही बंद लीगच की. दहावा नंबर आला तरी पुढच्या वर्षी आतच. बरोबर आहे. पण २००८ मध्ये आयपीएल आली तेव्हा तिने कुणाची जुनी टीम, जुनी स्पर्धा हिसकावून घेतली नव्हती. कोऱ्या पाटीवर लिहिलं. सुपर लीगवाले दुसऱ्याच्या भरलेल्या पाटीवर डस्टर घेऊन आले. मॉडेल तेच, पण जागा कुठली आणि तिथे आधी कोण बसलंय, हे बघावं लागतं.

फॅन्सचं सगळं म्हणणं एकसारखं होतं असंही नाही. कितीतरी जण म्हणत होते, की प्रीमियर लीग तरी काय, १९९२ मध्ये मोठ्या क्लबांनी टीव्हीच्या पैशासाठी जुन्या लीगमधून फुटूनच काढली ना? आणि युएफाने आम्हाला नीती शिकवू नये, तिकिटांचे दर कुणी वाढवले? स्पेनमध्ये तर इंग्लंडसारखी गर्दी रस्त्यावर उतरलीच नाही. तिथल्या बऱ्याच लोकांना इंग्लंडचा टीव्हीचा पैसा हाच खरा अन्याय वाटतो. बार्सिलोनाचे सभासदच क्लबचे मालक असल्यामुळे अध्यक्ष लापोर्ता म्हणाले, शेवटचा शब्द सभासदांचा. जर्मनीत गोष्ट आणखी सोपी होती. तिथे ५०+१ नियम आहे, म्हणजे क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडे. बायर्न आणि डॉर्टमुंड या लीगमध्ये गेलेच नाहीत. पीएसजीही नाही गेलं, पण ते सभासदांमुळे नाही, त्यांची गणितं वेगळी.

मंगळवारी, २० एप्रिलला, चेल्सीची ब्रायटनशी मॅच. कोविडमुळे आत प्रवेश नाही, तर हजारेक लोक स्टॅमफर्ड ब्रिजच्या बाहेर रस्त्यावर बसले. खेळाडूंची बस अडली. चेल्सीचा जुना गोलकीपर पेत्र चेक, तेव्हा क्लबमध्ये अधिकारी, स्वतः गर्दीत उतरला आणि हात जोडल्यासारखा सांगत राहिला, आम्हाला वेळ द्या. थोड्याच वेळात बातमी फुटली, की चेल्सी बाहेर पडतंय. रस्त्यावर अक्षरशः गोल झाल्यासारखा जल्लोष! सिटीने बाहेर पडल्याचं सगळ्यात आधी अधिकृतपणे सांगितलं, रात्री उशिरापर्यंत बाकीचेही गेले. घोषणेपासून दोन दिवस पूर्ण व्हायच्या आत सहाही इंग्लिश क्लब बाहेर.

बुधवारी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी व्हिडिओ काढून माफी मागितली. मला या माणसाचं नवल वाटतं, कारण हा धडा त्यांना आधी एकदा मिळाला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्लबने सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं. सुंदरलँडविरुद्धच्या मॅचमध्ये ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून चालती झाली. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, मॅच संपली २-२. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतला. पाच वर्षांनी पुन्हा तेच.

हसू नका, मीही केलंय. माझं स्टेशनरीचं दुकान. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची वर्षभराची ऑर्डर मिळाली. फिक्स इन्कम! मी इतका खूश झालो, की सुट्टा माल कमी केला. एक पेन्सिल, दोन कार्डशीट, रात्री आठ वाजता आठवलेला प्रोजेक्टचा थर्माकोल, ही कटकट नकोच म्हटलं. संध्याकाळची पोरांची गर्दी गेली. मला बरंच वाटलं, खरं सांगतो. जूनमध्ये त्याच पोरांचे आईबाप वह्यांचे गठ्ठे दुसरीकडून घेऊन जाताना दिसले, तेव्हा ट्यूब पेटली. एक रुपयाची पेन्सिल मी विकत नव्हतोच, ‘त्यांच्याकडे मिळेल’ ही खात्री विकत होतो. सुट्टा माल परत ठेवला, पण गेलेली सगळी घरं परत आली नाहीत.

इंग्लंडमध्येही माफीने विषय मिटला नाही. २ मे ला युनायटेडचे फॅन्स थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले, गळ्यात क्लबच्या सुरुवातीच्या काळातल्या हिरव्या-सोनेरी रंगाचे स्कार्फ. लिव्हरपूलविरुद्धची मॅच त्या दिवशी होऊच शकली नाही. त्यांचा राग २००५ पासूनचा, ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं तेव्हापासूनचा. सुपर लीग फक्त काडी ठरली. सरकारने ट्रेसी क्राउच यांच्याकडे फॅन्सच्या बाजूने सगळ्या कारभाराची तपासणी सोपवली. त्यातून निघालेला कायदा २०२५ मध्ये झाला, आणि फुटबॉलवर स्वतंत्र नियामक आला. सहा क्लबांनी मिळून २.२ कोटी पौंड भरले, आणि पुन्हा असं केलं तर प्रत्येकी २.५ कोटी पौंड दंड आणि ३० गुण वजा, असं मान्य केलं. तिकडे डिसेंबर २०२३ मध्ये युरोपच्या कोर्टाने युएफा-फिफाचे परवानगीचे नियम बेकायदेशीर ठरवले, म्हणजे कागदावर वेगळ्या लीगची वाट मोकळीही झाली. इंग्लिश क्लब त्या वाटेला फिरकले नाहीत.

आणि कॉपचे झेंडे? ते परत आले होते. एप्रिल २०२४ मध्ये लिव्हरपूलने तिकिटं २ टक्क्यांनी वाढवायचं जाहीर केलं. ११ एप्रिलला अटलांटाविरुद्ध मोठी युरोपियन मॅच होती, स्टेडियम भरलेलं. कॉपवर एकही झेंडा नव्हता.