पीसी पुण्यात, आपण सिंदीत!

तान्ह्या पोळ्याला घरी जायचंय, पण बॉस सुट्टी देत नाही? टेन्शन नॉट! नागपूर-वर्धा रेल्वेमार्गावरचं सिंदी (रेल्वे) हे माझं गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली पोरं लाकडी नंदी सजवून निघतात. तो दिवस मी सोडत नाही. गावी जाते आणि पुण्याच्या फ्लॅटमधल्या पीसीवर काम करते, तेही सिंदीत बसून!

फंडा सोपा आहे. तिकडच्या पीसीचा स्क्रीन इकडे लॅपटॉपवर दिसतो आणि आपले क्लिक तिकडे पोहोचतात. फाइल्स, सॉफ्टवेअर, सगळी हमाली तिकडेच. १९९८ साली केंब्रिजच्या ऑलिव्हेटी-ओरॅकल लॅबने व्हीएनसी आणलं. त्याच वर्षी विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत मायक्रोसॉफ्टचं आरडीपी आलं आणि २००१ मध्ये एक्सपी प्रोफेशनलमधून ते साध्या पीसीवर पोहोचलं.

नेट स्लो आहे? डोन्ट वरी. पूर्ण चित्र पुन्हा पुन्हा येत नाही, मुख्यतः बदललेला भागच येतो. म्हणून तिकडचा वॉलपेपर आणि ॲनिमेशन बंद करा, रंग कमी ठेवा. एक्सेल, वर्ड मस्त चालतं. व्हिडिओ एडिटिंग मात्र रखडतं, कारण तिथे क्षणाक्षणाला सगळा स्क्रीन बदलतो.

आता सिरियस गोष्ट. आरडीपीचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. २०१९ मध्ये सापडलेल्या ‘ब्लूकीप’ या त्रुटीतून पासवर्डशिवायही जुन्या विंडोजमध्ये शिरता येत होतं. आधी व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल, मगच डेस्कटॉप. पीसी ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांची परवानगी मस्ट!

आणि ही सोय चोरांनाही कळलीय, बरं का. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं. भामटे ग्राहकाला एनीडेस्क घ्यायला लावायचे, त्यावरचा नऊ आकडी कोड मागायचे आणि फोनचा ताबा घेऊन खातं साफ करायचे. ॲप चांगलंच आहे, प्रश्न कोड कुणाच्या हाती जातो याचा आहे.

आपण दूर शहरात आणि गावी आई-बाबांच्या हातात स्मार्टफोन, म्हणजे सावज तेच. आईला मी हे सगळं समजावलं, तर तिने दोन वाक्यांत निकाल लावला, “कोड मांगला त फोन ठेवून द्याचा. मंग तुले फोन लावाचा.”

तुमच्याही घरी हा नियम आजच सांगून टाका.