एकाच चुलीवरचं गाव

मैत्रिणींनो, आज आपण रशियातल्या बैकाल सरोवराकाठच्या बैकाल्स्क या छोट्या शहराची ओळख करून घेऊ. ते इर्कुत्स्क प्रांतातल्या स्ल्युद्यांका जिल्ह्यात येतं. १९६१ साली वसलेल्या या कामगार वस्तीला १९६६ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी तिथे लाकडाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला. लोकांची नोकरी त्याच्यावर, हिवाळ्यात घरं गरम ठेवणंही त्याच्यावरच. पण त्याचं सांडपाणी सरोवरात जाई. अखेर २०१३ मध्ये कारखाना बंद झाला. रोजगार गेला, विषारी गाळाचे तलाव मात्र मागे राहिले. तिथली कुटुंबं आपल्या बागांतली स्ट्रॉबेरी विकून चार पैसे जोडतात. तेव्हा आपल्या गटाच्या बैठकीत विचारू या: आपलं गाव कुणा एकाच्याच भरवशावर आहे का?